धक्क्याचे नऊ मानकरी व सरकारी बॅटरी यांची हकीकत

श्री विद्युल्लता प्रसन्न. शके एकोणीसशे पस्तीस, विजयनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी. साहेबी आज्ञा केली कीं, सरकारची मोटार रोज कां बंद पडे तें खरें लिहिणे; त्यास पाहिले तैसे लिहिले, कोणाची नाके मुरडली तरी इलाज नाही.

त्या मुलखाचे सरकार एके समयी मोटारीचे दिवे चालू ठेवोन दरबारास गेले, आणि परतोन पाहतात तों बॅटरी उतरली. मग निंबाजीराव आदिकरून नऊ असामींनी धक्का दिधला, गाडी चालू जाहली, आणि सरकार ऐसे खूष जाहले कीं, धक्क्याचा मान नऊ घराण्यांस वंशपरंपरा बहाल केला, आणि नऊ नावांची दिव्यांची पाटी गाडीचे पाठीस जडविली, अहोरात्र झगझगती. त्या दिवसापासोन गाडी रोज सकाळी निपचित. मग कारभाऱ्यांनी चार्जिंग होत नाही ऐसा ठपका ठेवोन तीन वेळां अल्टरनेटर बदलिला, आणि दोन वेळां बॅटरी. आणि मानकऱ्यांचा ताठा मात्र चढता.

सरकारच्या मातोश्री आईसाहेब. त्यांचे कन्येच्या दुसऱ्या बाळाचे बारसे सासरी जाहले, तेव्हां खिंडीत विसाव्यास बंद केलेली गाडी चढावर धक्क्यानेही चालू न जाहल्याने आईसाहेब पोचल्याच नाहीत. आता तिसऱ्याचे बारसे दोन दिवसांवर आले, तेव्हां आईसाहेब डोळ्यास पदर लावोन बोलिल्या, "याही खेपेला चुकलं तर पोरीला तोंड कसं दाखवू?" आणि आपणच गैबीसाहेब मिस्त्रीस बोलावित्या जाहल्या.

मिस्त्रीने प्रथम धक्का देवविला. मग चालू इंजिनावर बॅटरीस मीटर लाविला तों चौदा व्होल्ट. मिस्त्री बोलिला, "अल्टरनेटरचं काय बी चुकलेलं न्हाई, सरकार. भरतंय बक्कळ. गळतंय कुठंतरी." मग इंजिन बंद करोन, किल्ली काढोन, बॅटरीची तार सोडोन मधे मीटर घातला तों करंट वाहतोच आहे, मग एकेक फ्यूज काढिला तरी आकडा हालेना, मग बॅटरीपासोन निघालेली एक आगाऊ तार धरोन मिस्त्री मागे मागे गेला, आणि पाटीपाशी उभा राहिला. "ही पाटीच बॅटरी पितीया, सरकार."

निंबाजीराव लाल होवोन गर्जले, "आमच्या बापजाद्यांचा मान आहे हा!" बापजाद्यांचा म्हणजे अवघा सात वर्षांचा. मिस्त्रीने तार किल्लीमागे जोडिली, कीं गाडी चालू तेव्हांच पाटी उजळावी, आणि दुसरे दिवशी बॅटरी सकाळपासोन चार्जिंगला ठेविली.

बारशाचे दिवशी सरकारांनी किल्ली फिरविली, आणि गाडी एका दमात चालू. तों नऊही मानकरी चाकांपुढे आडवे पडले: किल्लीने गाडी चालू करणे हा आमचा अपमान! सरकार मर्जी राखणारे. त्यांनी गाडी बंद करावयास हात पुढे केला. मग आईसाहेब खिडकीतून कडाडल्या, "किल्लीला हात लावशील तर बघ! निंबाजीराव, उठा. तुमचा मान कोण काढतंय? धक्का द्या, चालू गाडीला द्या!"

मानकऱ्यांनी मसलत केली, हरकत सापडेना. मग मागे येवोन हात लाविले, गर्जना केली, सरकारांनी पाय दाबिला, आणि गाडी गेली, आणि नऊ फेटे धुळीत.

आईसाहेबांनी पाळणा हालविला. कन्या गळ्यात पडोन रडली, आणि लिहिणाराही रडला, लपवीत नाही. तिसरे प्रहरी मानकरी धापा टाकीत पोचले. निंबाजीराव बोलिले, "धक्का असा बसला, आईसाहेब, की गाडी हातातनं सुटलीच!"

"तुमच्यामुळंच पोचले हो," ऐसे म्हणोन आईसाहेबांनी स्वहस्ते घुगऱ्या वाढिल्या.

तात्पर्य, बॅटरी सुखरूप, अल्टरनेटर निर्दोष. आणि त्या मुलखात बंद गाडी ढकलणे हलके काम गणिले जाते, चालू गाडीस धक्का देणे तेवढाच मान. येथे शाई सरली.