न्यायला आलो बे

दाविदला मोटारसायकलची मागची सीट रिकामी बघवत नसे. अगदी बेचैन व्हायचा. माझं घर चर्चच्या भिंतीला लागून. घरातून निघालो की दोन ढांगांत मी चर्चच्या दारात. तरी दर शनिवारी, चर्चमधल्या तरुणांच्या सभेच्या वेळी, हा माझ्या फाटकाशी हॉर्न वाजवत उभा. "चल, न्यायला आलो बे." मग मला मागं बसवायचा, बसस्टँडला वळसा घालायचा आणि पुन्हा माझ्याच घराशेजारी आणून सोडायचा. मी करवादलो की म्हणायचा, "चालत येनं येगळं आन कुनी न्यायला येनं येगळं. तुला न्हाई कळायचं."

नव्हतंच कळत. पेट्रोल जाळायची हौस, दुसरं काय, असं मी म्हणायचो.

बीडमधला आमचा तरुण संघ या गाडीवरच उभा राहिला. सुरुवातीला आम्ही दोघंच होतो. पाळकसाहेबांनी विचारलं, अध्यक्ष कोण? दाविदनं माझ्याकडं बोट केलं. "आणि तू?" "मी मान्सं आनतो की." हेच त्याचं पद, शेवटपर्यंत. बोलायची पाळी आली की मात्र त्याला घाम फुटायचा. एकदा महापुरात तारू बांधणाऱ्या नोहावर प्रवचन द्यायला उभा राहिला. "नोहानं काय केलं? समद्यांना आत बसवून घेतलं. आमेन." आणि बसला खाली. पाळकसाहेब कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले. संघातल्या पोरापोरींना तेवढं एकच प्रवचन आजही पाठ आहे.

आणायच्या नादात तो कुणालाही आणायचा. फळवाले रफीकभाई एकदा रस्त्यात भेटले, पाली गावाला सोडा म्हणाले. यानं बसवलं. तेवढ्यात उपासनेची वेळ झाली, म्हणून गाडी सरळ चर्चकडं. रफीकभाई बिचारे शेवटच्या बाकावर टोपी सावरत सगळी गाणी ऐकत बसले. संपल्यावर अदबीनं म्हणाले, "गाना अच्छा था दाविदभाई, मगर मेरेकू पालीकू जाना था." तेव्हापासून दोघांचं असं जमलं की ईस्टरची टरबुजं दरवर्षी रफीकभाईंकडून.

ईस्टर म्हणजे प्रभू येशू मरणातून उठला तो दिवस; त्या पहाटेची उपासना आम्ही पालीजवळ बिंदुसरा धरणाच्या काठावर करतो. त्या वेळी पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं असतं. कुठं काय संपलं ते समजत नाही. टिटवी ओरडते, आम्ही हलक्या आवाजात गायला लागतो आणि डोंगरामागून हळूहळू उजेड येतो. ही कल्पना दाविदची, जागा दाविदनं शोधलेली. आणि ती उपासना त्यानं कधी पाहिलीच नव्हती. कुणी ना कुणी आणायचं राहिलेलं असायचं. हा शेवटची फेरी करून पोचायचा तेव्हा टरबुजं कापणं चाललेलं. गाडीवरूनच विचारायचा, "उठला का रे प्रभू?" आम्ही म्हणायचो, "कवाच!"

गेल्या वर्षी तो आजारी पडला. दम लागायचा, गाडी चालवणं सुटलं. ईस्टर जवळ आला तसा म्हणाला, "यकदा पयल्यापून बगायची हाय बे." डॉक्टर नको म्हणत होते. पण पुढच्या वर्षाचं आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी म्हटलं, सगळ्यांच्या आधी तुला न्यायला येतो.

रफीकभाईंनी टेम्पो आणला. मागं टरबुजांच्या मधे गादी टाकली आणि त्यावर दाविद, विझत चाललेल्या चांदण्या बघत. आम्ही पोचलो तेव्हा काठावर कुणीच नव्हतं. मी त्याला पाण्याकडं तोंड करून खुर्चीत बसवलं. यानं खुर्ची रस्त्याकडं फिरवून घेतली.

"आरं, सूर्य तिकडून यायचाय," मी म्हटलं.

"मान्सं हिकडून येत्यात." मग जरा थांबून म्हणाला, "ल्हानपनी बोर्डिंगात सुट्टी लागली की पोरांना न्यायला घरचे यायचे. मी फाटकापशी पेटीवर बसायचो. मला न्यायला कुनीच न्हाई आलं. आज तू आलास बे."

माणसं जमू लागली, गाणं सुरू होणार, तर हा माझी बाही ओढतोय. "लिंबागणेशच्या शांताबाई न्हाई दिसत. तू जा."

"आणि मी कधी बघू उपासना?"

"मी बगतो की तुज्या वाट्याची."

संघातल्या एका पोराची मोटारसायकल घेऊन गेलो. शांताबाईंना घेऊन परतलो तेव्हा ऊन पाण्यावर आलं होतं आणि टरबुजं कापणं चाललं होतं. दाविदची खुर्ची आता पाण्याकडं वळलेली. मी गाडीवरूनच विचारलं, "उठला का रे प्रभू?"

"कवाच," तो म्हणाला. गाल ओले होते, पुसलेही नव्हते. "लई निवांत उठला बे."

पाऊस लागायच्या आत तो गेला. त्याची गाडी आता माझ्याकडं आहे. यंदाची शेवटची फेरी मीच केली, उपासना हुकली, त्याचं काही वाटलं नाही. शनिवारचं मात्र वाटतं. फाटकाशी जरा वेळ उभा राहतो. हॉर्न वाजत नाही. मग चालतच चर्चला जातो. लई लांब वाटतं बे, दाविद.