पॉलिथिनचं घरटं

एका जंगलात, बालमित्रांनो, तळ्याकाठच्या बाभळीवर सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. तिथे एक फार चांगली रीत होती. नराने गवताच्या पात्यांचं अर्धं घरटं विणायचं. मग मादीने येऊन ते तपासायचं. चोचीने ओढून बघायचं, लटकून हलवून बघायचं. पसंत पडलं तर संसार. नाहीतर नराने मुकाट्याने दुसरं विणायला घ्यायचं. तुमच्या घरी ही रीत असती तर तुमचे बाबा अजून विणतच बसले असते.

येसू नावाची सुगरण या कामात मोठी खट होती. भिवाची दोन घरटी तिने नापास केली होती. भिवा बिचारा तिसऱ्यांदा गवत आणायला निघाला, तेव्हा वाटेत बगळेसाहेब भेटले.

बगळेसाहेब शहरातल्या तलावावर दोन महिने राहून आले होते. आल्यापासून ते मासे कमी पकडत आणि सल्ले जास्त देत.

"गवत?" साहेबांनी मान वाकडी केली. "अजून गवतच? अरे, जग कुठल्या कुठे गेलं! ही पिशवी घे. जाड पॉलिथिन आहे. भिजत नाही, कुजत नाही, वाळवी लागत नाही. वजन म्हणशील तर पिसाएवढं. ताणलं तर लांबतं, पण तुटत नाही. शहरात दूध यातच, भाजी यातच आणि कचरासुद्धा यातच."

"मग तो कचरा पुढे कुठे जातो, साहेब?"

"असले प्रश्न शहरात कुणी विचारत नाही," साहेब म्हणाले.

भिवाने काड्यांचा सांगाडा केला, त्यावर पिशवी ताणून घट्ट बांधली. घरटं एका दुपारात तयार. बघायला सगळी वस्ती लोटली.

येसूने ओढून बघितलं. एक धागा सुटला नाही, कारण धागाच नव्हता. हलवून बघितलं. साहेबांनी चोचीने वरून पाणी ओतलं. आत थेंब नाही.

"वारासुद्धा आत शिरत नाही!" साहेब ओरडले. वस्तीने पंख वाजवले.

येसू आत जाऊन आली. "साहेब, आत कोंदट वाटतंय हो."

"नव्या वस्तूचं तसंच असतं, बाई. आधी डोक्यातलं गवत काढा!"

सगळे खो खो हसले. येसू ओशाळली. आत जीव गुदमरतो का, हे तपासायला तिच्या आईने शिकवलंच नव्हतं. गवताच्या घरट्यात ते कधी तपासावंच लागलं नव्हतं. तिने घरटं पास केलं. चार टाळकी हसली म्हणून! दोन घरटी मोडायला लावणारी ही बाई, इथे मात्र तिला लाज वाटली.

तीन अंडी झाली. तीन पिल्लं झाली. मग पावसाने दडी मारली आणि ऊन चटचट तापलं.

भर दुपारी येसू किडे घेऊन आली, तर आत वाफ कोंडलेली. पिल्लं चोची उघडून धापा टाकत होती. ती पंखांनी वारा घालू लागली. वारा तिथल्या तिथेच फिरला. ती बाहेर आली आणि पिशवीला भोक पाडायला चोच मारू लागली. पॉलिथिन मऊ पडलं होतं. चोच मारली की ताणायचं, लांबायचं, पण फाटायचं नाही. भिवाही धावत आला. दोघांनी चोची रक्ताळेपर्यंत टोचलं.

खाली वस्ती जमली होती.

"बघा, बघा!" बगळेसाहेब म्हणाले. "दोन चोची लागल्यात, पण एक भोक नाही!"

वस्तीने पुन्हा पंख वाजवले. मदतीला एक चोच वर गेली नाही. गोष्ट सांगणाऱ्याने चिडू नये म्हणतात, पण मला त्या वस्तीची आजही किळस येते.

ऊन उतरलं तेव्हा तिन्ही पिल्लं गप्प झाली होती.

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. साहेबांनी घरट्याभोवती तीन चकरा मारल्या. निकाल दिला, "चीर नाही. गळती नाही. दोष नाही."

"आणि माझी पिल्लं?" येसूने विचारलं.

"बाई, हमी आम्ही घरट्याची दिली होती. घरटं बघा, जसंच्या तसं आहे. पिल्लं तुमच्याकडची होती. त्यांच्या दर्जाबद्दल आम्ही कधी काही बोललो होतो का?"

वस्तीने माना डोलावल्या. मुद्दा बिनतोड होता.

येसू आणि भिवा तळ्यापलीकडच्या एका खुरट्या बाभळीवर निघून गेले. त्यांना कुणी थांबवलं नाही, कारण कुणाला वेळच नव्हता. बगळेसाहेबांपुढे पिशव्यांसाठी रांग लागली होती आणि आपला नंबर जाईल या भीतीने जो तो पुढच्याच्या शेपटीला चिकटून उभा होता.

तात्पर्य : टिकाऊ वस्तूला कधी नावं ठेवू नयेत. ती टिकली आणि आपण टिकलो नाही, तर माल आपलाच हलका होता असं समजावं.