ऑर्सन पेल्कीचं ‘नाही’

आमदार ऑर्सन पेल्कीच्या कानातलं मशीन नेमकं सभापती बोलायला उभ्या राहिल्या तेव्हाच शिट्टी मारायला लागलं. चुलीवर किटली ठेवून बाई शेजारी गप्पा मारायला गेली की किटली जशी केकाटते, तशी ती शिट्टी होती. पुढच्या रांगेतली टकली एकदम मागे वळली. ऑर्सनने ओशाळून मशीन काढलं, जाकिटाच्या खिशात कोंबलं आणि वरून रुमाल दाबून बसला.

आणि नेमकं त्या दिवशी सभागृहात त्याचंच विधेयक होतं, तेही कानाच्या मशीनचंच. त्याच्या भागातल्या म्हाताऱ्यांना एका कंपनीने चर्चच्या तळघरात टेबल मांडून मशीनं विकली होती. कोणाचं मशीन घोंघावायचं, कोणाचं शिट्ट्या मारायचं, कोणाला त्यातून शेजारच्या गावचा रेडिओ ऐकू यायचा. परत करायला गेलं की कंपनी म्हणायची, “कानात घातलेला माल परत घेत नाही.” मशीन चाललं नाही तर महिन्याभरात परत घ्यावं, पैसे द्यावेत, एवढंच विधेयक ऑर्सनने आणलं होतं. ते पोटतिडकीने आणलं होतं, कारण मशीन घेणाऱ्या म्हाताऱ्यांच्या रांगेत तोही उभा होता.

ऑर्सनचा राजकारणाशी तसा काही संबंध नव्हता. उभं आयुष्य त्याने बटरनट कॉर्नरची शाळेची बस चालवली होती. बर्फ असो की मार्च महिन्यातला गुडघाभर चिखल, एकाही पोराला रस्त्यावर सोडून त्याने बस पुढे नेली नव्हती. तो निवृत्त झाला, तोवर ती पोरं मतदार झाली होती. त्यांनीच त्याला विधानसभेत पाठवून दिलं.

विरोधी बाजूच्या रॉइस हॅस्केलने विधेयकाला एक दुरुस्ती सुचवली होती: कायदा करा, पण लागू करा दहा वर्षांनी. “दहा वर्षांनी आमच्यातलं ऐकायला राहणार कोण?” असं ऑर्सन भाषणात म्हणाला होता आणि सभागृह हसलं होतं. आता आधी दुरुस्तीवर मत घ्यायचं, तिथे ‘नाही’ म्हणायचं. मग विधेयकावर मत, तिथे ‘हो’ म्हणायचं. सकाळपासून तो हे मनाशी घोकत होता.

मशीन खिशात गेलं आणि हॅस्केल उठून काहीतरी बोलला. लोकांनी माना डोलावल्या. हॅस्केलने दुरुस्ती मागे घेतली होती आणि सभापतींनी सरळ विधेयकच मताला टाकलं होतं. ऑर्सनला दिसलं ते इतकंच, की सभागृहाच्या सचिव ऑगस्टा बीन यादी घेऊन उभ्या राहिल्या आणि आडनावांच्या क्रमाने नावं पुकारायला लागल्या.

ऑर्सनची पाळी आली तशी शेजारच्या ड्वाइट रॅन्समने त्याला कोपराने ढोसलं.

ऑर्सन उभा राहिला, छाती भरून श्वास घेतला आणि गरजला, “नाही!”

सभागृहात शांतता पसरली. ती ऑर्सनला कळायचं कारण नव्हतं. त्याच्या बाजूने ती मघापासूनच होती. आजूबाजूचे आ वासून बघताहेत हे मात्र त्याला दिसलं आणि आपला आवाज चांगला लागला म्हणून तो मनोमन खूश झाला.

आता ड्वाइट रॅन्सम हा सज्जन माणूस, पण सभागृहात बसलं की त्याला झापड यायची. म्हणून तो पहिल्यापासून ऑर्सनचं मत बघूनच आपलं मत द्यायचा. तोही म्हणाला, “नाही.” मागच्या रांगांत कुजबुज सुरू झाली. “विधेयक आणणाराच नाही म्हणतोय.” “मग काहीतरी गोम असणार.” “ऑर्सन उगाच ‘नाही’ म्हणायचा नाही.” पेल्कीनंतर ज्यांची नावं यायची होती, त्यातल्या कुंपणावरच्या मंडळींनी भराभर पाय मागे घेतले. विधेयक चार मतांनी पडलं.

ऑर्सन हसतमुखाने दुसऱ्या मतदानाची वाट बघत बसला. लोक उठून कॉफीला जायला लागले तेव्हा तो जरा चपापला. एवढ्यात हॅस्केल स्वतः चालत आला आणि दोन्ही हातांनी त्याचा हात धरून हलवायला लागला. ऑर्सनने घाईघाईने मशीन कानात बसवलं.

“...खरंच, ऑर्सन, मानलं तुला. चूक झाली तर ती भर सभागृहात कबूल करायला छाती लागते.”

“कसली चूक?”

“स्वतःचं विधेयक स्वतः पाडलंस! अरे, माझ्याच्याने झालं नसतं.”

ऑर्सन ताडकन उठला.

दोन मिनिटांनी तो सचिवांच्या टेबलापाशी उभा होता. ऑगस्टाबाई चष्म्यावरून त्याच्याकडे बघत होत्या.

“बाई, माझं मत बदला. मला वाटलं दुरुस्तीवर चाललंय.”

“निकाल जाहीर झाला, पेल्कीसाहेब. आता बदलता येत नाही.”

“हा कुठला नियम?”

“तुमचाच. मागच्या अधिवेशनात तुम्हीच आणलात. आमदार मागाहून येऊन गुपचूप मतं बदलतात, लोकांना कळत नाही, म्हणून. छान भाषण केलं होतंत. ‘बसचा दरवाजा एकदा लागला की लागला,’ असं म्हणालात.”

“पण मी बसचा दरवाजा रोज उघडायचो!” ऑर्सन कळवळून म्हणाला. “पोरं धावत यायची!”

“ते भाषणात नव्हतं,” ऑगस्टाबाई म्हणाल्या. “आणि संध्याकाळपर्यंत सगळी मतं नावानिशी इंटरनेटवर जातात. तेही तुमचंच.”

ऑर्सन घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. त्याची बायको लोरेटा झाडांचा गोड रस आटवून पाक करायच्या खोपटात होती. हंगाम ऐन भरात होता, वाफेने खोपट भरलं होतं आणि त्या वाफेत हातात झारा घेतलेली लोरेटा फार भयंकर दिसत होती.

“काय म्हणालास तू?” तिने विचारलं.

“नाही म्हणालो.”

“म्हणजे तसं म्हणालाच नाहीस?”

“नाही, नाही... ‘नाही’ असं म्हणालो.”

लोरेटाने झाऱ्याने कोपरा दाखवला. लाकडांच्या ढिगावर एक भलीथोरली टोपली होती. नासपती, द्राक्षं, चीज, चकचकीत कागद, गुलाबी फीत. वरच्या कार्डावर लिहिलं होतं, ‘धाडसी मताबद्दल कृतज्ञतापूर्वक. श्रवणयंत्र विक्रेता संघ.’

“हे परत पाठव,” ऑर्सन घाबरून म्हणाला.

“गाडी गेली. आणि येताना पोस्टाच्या चौकात थांबून पत्ता विचारून आली होती. आता गावात कोणाला कळायचं बाकी आहे?”

आमदाराला आलेली प्रत्येक भेट दुसऱ्या दिवसापर्यंत सरकारी संकेतस्थळावर जाहीर करायची, असा कायदा होता. तो कोणी मांडला होता हे सांगायची गरज नाही. जेवणाआधी तो संगणकापुढे बसला आणि एका बोटाने लिहायला लागला: ‘टोपली, एक. नासपती.’

तेवढ्यात फोन वाजला. फिलिपा ऑर्डवे. या बाई ‘ग्राहक पहारा’ नावाची संस्था चालवायच्या. कोणता आमदार ग्राहकाच्या बाजूने मत देतो आणि कोण सरकारी कागद झाकून ठेवायला बघतो, याचं प्रगतिपुस्तक त्या दर वर्षी छापायच्या. ऑर्सनचा त्यात कायम वरचा वर्ग असायचा.

“मिस्टर पेल्की, मला फार वाईट वाटतंय,” त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं. “पण तुम्ही यंदा नापासाच्या जवळ आलात.”

“बाई, मला ऐकूच आलं नाही हो! खाली एक बारीक टीप टाका ना, ‘ऐकू आलं नाही’ म्हणून.”

“टाकली असती. पण मग पुढच्या वर्षी अख्खी विधानसभा बहिरी होईल.”

मनातल्या मनात ऑर्सनला तो मुद्दा पटलासुद्धा.

सकाळी राजधानीला निघताना तो नेहमीप्रमाणे किराणा दुकानात कॉफी घ्यायला थांबला. शेगडीभोवती बसलेली मंडळी गप्प झाली. त्यांतल्या बहुतेकांची नाकं त्याने कधी ना कधी बसमध्ये पुसली होती. कपात कॉफी ओतून घेतानाचा आवाज तेवढा झाला. शेवटी मिनर्व्हा ट्रास्क काठी टेकत पुढे आली. ऐंशी कधीच ओलांडलेली ही बाई तरुणपणी त्याच शाळेत शिकवायची आणि रोज त्याच्याच बसने यायची-जायची. कंपनीचं पहिलं गिऱ्हाईक तीच होती.

“नासपती गोड आहेत का रे?” तिने विचारलं.

“मिनर्व्हाबाई, मी खाल्ली नाहीत. देवाशप्पथ.”

“मोठ्याने बोल. तुझ्या मित्रांनी दिलेल्या मशीनमधून मला फक्त भोंगा ऐकू येतो.”

ऑर्सनने तिच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. मशीन, शिट्टी, खिसा, कोपर, गर्जना. मिनर्व्हाबाई ऐकत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. ऑर्सनला आधी वाटलं म्हातारी रडते आहे.

“अरे गाढवा,” ती हसता हसता डोळे पुसत म्हणाली, “हे तू मला कशाला सांगतोयस? तिकडे जाऊन सांग! थांब, मी येते. कोट आणते.”

ती खरोखरच त्याच्या गाडीत येऊन बसली.

सभागृह भरायच्या आधी ऑर्सनने ऑगस्टाबाईंना गाठलं. “बाई, मला पाच मिनिटं बोलायचंय. मी गाढव आहे एवढंच सांगायचंय.”

“नुसतं गाढव आहे म्हणून बोलता येत नाही. नाहीतर कामकाज कधी संपलंच नसतं,” त्या म्हणाल्या. “कुठल्यातरी प्रस्तावावर बोलावं लागतं.” मग त्या थांबल्या. चष्मा काढून त्यांनी पुसला. “एक प्रस्ताव आहे. कालच्या मताचा पुनर्विचार करा, असा. पण तो मांडायचा तर जिंकलेल्या बाजूला मत दिलेलं असावं लागतं, आणि दुसऱ्याच दिवशी मांडावा लागतो.”

“मग माझा काय उपयोग? मी तर हरलो.”

“पेल्कीसाहेब, तुम्ही काल ‘नाही’ म्हणालात. ‘नाही’ जिंकलं.” ऑगस्टाबाईंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, पण आवाज खाली आला. “विधेयक मनापासून हवंय आणि तरीही जिंकलेल्या बाजूला आहे, असा तुमच्याखेरीज एकच माणूस आहे. रॅन्सम. आणि ते झोपलेत.”

ऑर्सनने प्रस्ताव मांडला. हॅस्केलने हरकत घेतली. ऑगस्टाबाईंनी नियम वाचून दाखवला. हॅस्केल खाली बसला. ऑर्सन माइकपाशी गेला. भाषण त्याने गाडीत जुळवलं होतं, पण समोर एवढे चेहरे बघून ते पार उडून गेलं. त्याने कानातलं मशीन काढून हातात धरलं.

“माझं काल चुकलं. हे कानात असलं तर मला शिट्टी ऐकू येते, नसलं तर काहीच ऐकू येत नाही. दोन्हींत बरं काय ते ठरवता ठरवता तुम्ही विधेयकावर गेलात. मी याच कंपनीकडून घेतलंय. परत करायला गेलो तर म्हणाले, दोष कानात आहे.”

असं म्हणून त्याने मशीन परत कानात बसवायला हात वर केला. माइक जवळच होता. जी किंकाळी निघाली तिने सभापतींच्या हातातून हातोडी पडली आणि ड्वाइट रॅन्सम दचकून उभा राहिला व म्हणाला, “हो!”

“अजून विचारलेलं नाही, मिस्टर रॅन्सम,” ऑगस्टाबाई म्हणाल्या.

सभागृह खो खो हसत सुटलं. हसू ओसरता ओसरता वरच्या प्रेक्षकांच्या सज्जातून दुसरी शिट्टी आली, बारीक, लांबलचक. सगळ्यांनी वर पाहिलं. मिनर्व्हाबाईने कठड्याला धरून हात उंचावला.

“माझंही तसलंच आहे!” ती ओरडली. “आणि रॉइस हॅस्केल, तुझ्या आईचंही! रविवारी चर्चमध्ये भेटली, तर मला म्हणाली, पोराला सांगितलं तर तो ऐकत नाही!”

सज्जातून बोलायला सक्त मनाई होती. सभापतींनी हातोडी शोधायला बराच वेळ लावला.

या वेळी नावं पुकारली तेव्हा ऑर्सनने ऑगस्टाबाईंच्या ओठांवरून नजर काढली नाही. विधेयक मंजूर झालं. हॅस्केलनेही ‘हो’ म्हटलं, खाली मान घालून, पण म्हटलं. फिलिपाबाईंनी आपल्या प्रगतिपुस्तकात ऑर्सनची दोन्ही मतं इमानदारीत छापली, एक चुकीचं, एक बरोबर, आणि त्याला मधला वर्ग दिला. टोपली चर्चच्या जेवणावळीत गेली. नासपती गोड होती असं म्हणतात.

कायदा जुन्या खरेदीला लागू नव्हता. पण पाकाचा हंगाम बरा गेला होता, म्हणून मे महिन्यात लोरेटा त्याला मोठ्या गावातल्या कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि चांगलं मशीन बसवून आणलं. परतताना ऑर्सन गाडीत लहान पोरासारखा मान वळवत होता. टायरचा आवाज, ओढ्याचा आवाज, कुठलातरी पक्षी. घरी आल्यावर लोरेटा भांडी आवरत होती आणि आवरता आवरता बोलत होती. ऑर्सन दारात उभा राहून ऐकत राहिला. आपली बायको कमी बोलते, अशी त्याची इतकी वर्षं समजूत होती.

“...आणि वरची खोली रिकामी कर म्हणून महिनाभर सांगतेय, तुझे गळ आणि जाळी अजून तिथेच. बर्निस आज येईल, झोपेल कुठे?”

“बर्निस? तुझी बहीण? आज?”

लोरेटा वळली. “कायमची राहायला. तुला हिवाळ्यात विचारलं होतं. तू ‘हो’ म्हणालास.”

“मी?”

“तू प्रत्येक गोष्टीला ‘हो’ म्हणतोस, ऑर्सन. विधानसभेत काय झालं ते मला अजून कळलेलं नाही.”

ऑर्सन निमूटपणे जिन्याकडे निघाला. पहिल्या पायरीवर तो थबकला. त्याने मान तिरकी केली. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच घरातलं काहीतरी त्याला लोरेटाच्या आधी ऐकू आलं होतं.

“गाडी आली वाटतं,” तो म्हणाला. “आणि कुत्री भुंकताहेत. दोन.” त्याने वळून बायकोकडे पाहिलं. “लोरेटा, कुत्र्यांनाही मी ‘हो’ म्हणालो होतो का?”

“तीन आहेत,” हात पुसत लोरेटा म्हणाली. “एक म्हातारं आहे, भुंकत नाही.”