डिश ब मरायला तयार नाही

निष्कर्ष

सोमवारी सकाळी सुचेतानं इन्क्युबेटर उघडला आणि डिश ब जिवंत निघाली. नुसती जिवंत नाही, चांगली टुणटुणीत. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी गोल, चकचकीत दिसत होत्या. लीड्समधल्या त्या प्रयोगशाळेतल्या उंच स्टुलावर सुचेता मटकन बसली. तीन वर्षांची पीएचडी पाण्यात गेली होती.

पद्धत

रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी स्वभावानं परावलंबी. आयएल-टू नावाचं प्रथिन बाहेरून मिळत राहिलं तरच त्या जगतात. ते थांबलं की कुणी न मारता आपणहून मरतात. सुचेताचं म्हणणं असं, की पेशीच्या आतलं आणखी एक प्रथिन वाढवलं तर त्या उपाशीही तगतील. डिश अ-मध्ये ते वाढवलेलं होतं, डिश ब-मध्ये नव्हतं. आयएल-टू दोघींना बंद. अ-नं जगायचं, ब-नं मरायचं. ब-ला दुसरं कामच नव्हतं.

फ्रीझरमध्ये अशा पेशी आता उरल्या नव्हत्या. पीएचडीला मुदतवाढ मिळणार की नाही, ते याच दोन डिशवर ठरायचं होतं.

आणि नेमकं त्याच वीकेंडला मिल्टन कीन्सला मावसबहिणीचं डोहाळजेवण आलं.

"रविवारी दोन्ही डिशचे फोटो काढ. बाकी काही करू नकोस," असं शेजारच्या बाकावरच्या अंशुमनला सांगून ती गेली. अंशुमन जन्मानं लीड्सचा, पण वाढलेला मराठी आईच्या स्वयंपाकघरात.

चर्चा

ब जगली, म्हणजे सुचेताचं प्रथिन काही करत नव्हतं. तिनं गाइड डॉक्टर फियोनाला मेल केला: माझं गृहीतक चुकलं, प्रकल्प थांबवावा. मग फेकण्याआधी दोन्ही डिशमध्ये ब्लीच ओतलं.

तेवढ्यात अंशुमन डबा घेऊन आला.

"कशी आहे तुझी डिश ब?"

"मेली. आत्ताच."

"आत्ता? अगं, शनिवारी मी वाचवलं ना तिला."

सुचेतानं ब्लीचची बाटली हळूच खाली ठेवली. "काय केलंस?"

"सहज डोकावलो. सगळे सेल्स लिटरली आक्रसून मरत होते. बघवेना गं. मग थोडं आयएल-टू घातलं."

"दोन्हीत?"

"छे. अ एकदम फाइन होती. तिला कशाला?"

"म्हणजे माझं बरोबर होतं."

"मग गुड ना?"

"फोटो कुठायत? त्या मरत होत्या तेव्हाचे?"

"मरणाऱ्याचा फोटो काढतात का कुणी? आईला कळलं तर मारेल मला. बरं वाटल्यावर काढला, रविवारी. हे बघ, किती फ्रेश दिसतायत."

फोटो खरंच छान आला होता.

"आपण फियोनाला सांगू," अंशुमन म्हणाला.

"काय सांगू? पुरावा म्हणून तुझी दया जोडू?"

लॅपटॉप टिंग वाजला. फियोनाला सुचेताचा प्रामाणिकपणा फार आवडला होता. मुदतवाढीचा अर्ज तिनं तातडीनं मागे घेतला होता.

आभार

सुचेतानं डोकं बाकावर टेकवलं. अंशुमननं तिला बाहेरच्या किचनमध्ये नेऊन बसवलं.

"सकाळपासून काही खाल्लं नाहीस ना? आईनं थालीपीठ दिलंय."

"नकोय मला. मरू दे."

"लोणी पण आहे."

तो डबा उघडून समोर बसून राहिला. वाढायचं आणि समोर बसून राहायचं, त्याच्या घरी एवढंच शिकवलेलं. सुचेतानं एक तुकडा मोडला. मग दुसरा. मग अख्खं थालीपीठ. हातापायांत हळूहळू जीव येऊ लागला, चेहऱ्यावर थोडा रंग आला, आणि याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

अंशुमननं तिला नीट निरखलं आणि खिशातून फोन काढला.

"आता काढू फोटो?"