अर्ध्या घराची रेघ

रश्मी मॅडमनी तिसरीच्या वर्गात कागदाचं फुलपाखरू दुमडलं, तेव्हा एक पंख दुसऱ्या पंखावर इतका अलगद निजला, की बाराही मुलं पुढं झुकली.

"ही दुमडीची रेघ म्हणजे सममितीची रेघ," मॅडम म्हणाल्या. "रेघेच्या या बाजूला जे, तेच त्या बाजूला. वहीत आपापलं घर काढा आणि त्याची रेघ शोधा."

घरी जाताना मुलांच्या डोक्यातून वही रस्त्यातच कुठंतरी गळून पडली. घर उरलं. रेघ उरली.

दवनीवाड्याच्या पुढचं ते लहानसं गाव नव्या धानाच्या वासात दुपारचं पेंगत होतं. डोळे उघडून पाहतं तर बारा घरांच्या मधोमध, वळचणीपासून उंबरठ्यापर्यंत, गेरूची उभी लाल रेघ.

गेल्याच महिन्यात दोन माणसं टेप घेऊन रस्ता मोजून गेली होती. त्यामुळे कोणी कोणाला काही विचारलं नाही.

"रस्ता चौडा होऊन राहिला," दुधराम टपरीवर म्हणाला. "मायं घर बरोबर आधं जाते."

"पर रस्ता तं समोरून हाय. घर उभं काऊन कापतीन?" चहा पिणाऱ्या एकानं विचारलं.

"दुसरा रस्ता असन."

"अन् कोन्तं आधं?"

"थे नाही लिहिलं."

यादोरावांच्या घरावरची रेघ सगळ्यांत सरळ होती. त्यांच्या नातीनं, रिंकूनं, ती स्टुलावर चढून, दोरी धरून ओढली होती. मधे दार, दोन्हीकडे एकेक खिडकी, खिडकीमागे एकेक खोली. डावीत यादोराव, उजवीत त्यांची बायको सुशिलाबाई. पोळ्याला पाहुण्यांसमोर 'पुरणात गूळ कमी पडला' असं यादोराव बोलून गेले, त्याला तीन महिने होत आले होते. तेव्हापासून दोघं एकमेकांशी रिंकूमार्फत बोलत.

यादोराव रेघेकडे बघत उभे राहिले. अर्ध्या दारातून माणूस आत जाईल कसा? आडवा होऊन. अर्ध्या छपराखाली निजलं तर अर्धं आभाळ दिसेल. ते काही वाईट नाही.

"रिंकू, आजीले विचार, कोन्ता भाग जाईन?"

सुशिलाबाई शेजारीच उभ्या होत्या. "त्यायले सांग, मले काय ठाऊक."

"दोनी भाग सारखेच असतेत," रिंकू म्हणाली. "मॅडमनं सांगतलं."

"म्हणजे शाळेतबी मालूम हाय," म्हणत यादोराव खाली बसले.

डावीकडे.
यादोरावांची खात्री झाली, जाणार तो डावाच. आजवर जे गेलं ते त्यांचंच गेलं होतं. त्यांनी रेडिओ काखोटीला मारला, खाटेचा एक पाय धरला आणि ओढत निघाले.

उजवीकडे.
जाणार तो उजवाच, सुशिलाबाईंना वाटलं. त्यांच्या बाजूचं काही टिकलंय कधी? त्यांनी शिलाई मशीन उचललं आणि

दारात आदळलं. खाटेवर.

"कुठं निघाले?" सुशिलाबाईंनी विचारलं. रिंकू मधे नव्हती.

"तुयाकडं. माया भाग जाऊन राहिला."

"मी तुमच्याकडं येऊन राहिली. भाग माया जाते."

"तुया कायले जाईन?"

"मंग तुमचाच कायले?"

हे दिवे लागेपर्यंत चाललं. मधे गुळाचा विषय निघाला, गुळावरून व्याह्यांचा, व्याह्यांवरून तीस वर्षांपूर्वीच्या एका बैलाचा. खाट दारातच राहिली. दोघं तिच्यावर बसून जेवले.

दुसऱ्या दिवशी कुडव्याहून स्कूटीवर येणाऱ्या रश्मी मॅडमना दुधराम स्वतःच्या छपरावर दिसला. त्यानं अर्धी कौलं उतरवून ठेवली होती. कारण कळल्यावर मॅडमनी शाळेतली बादली उचलली आणि घरोघर माफी मागत रेघा पुसत सुटल्या.

"मॅडम, अभ्यास वहीत देत जा," दुधराम वरूनच म्हणाला आणि एकेक कौल पुन्हा बसवू लागला.

शेवटचं घर यादोरावांचं. मॅडमनी रेघेला फडका लावला, तोच यादोरावांनी हात धरला.

"नोका पुसू," ते कुजबुजले. "मले रिंकूनं सकाळी सांगतलं समदं. पर तिच्या आजीले मालूम नाही. तीन महिन्यानं बोलून राहिली, मॅडम."

मॅडम बादली घेऊन सुशिलाबाईंची माफी मागायला मागच्या अंगणात गेल्या. सुशिलाबाई भांडी घासत होत्या. त्यांनी आधी घराकडे पाहिलं, मग राखेचं बोट ओठांवर ठेवलं.

"हळू बोला. मले रिंकूनं सांगतलं. त्यायले नोका सांगू. भ्यालेत तं कसे गोड बोलून राहिलेत."

मॅडम पुढं आल्या. फडका घट्ट पिळला आणि बादलीचं पाणी तुळशीत ओतलं.

परतताना दुधरामनं छपरावरून हाक मारली. "यादोरावची रेघ काऊन नाही पुसली?"

मॅडम अडखळल्या. "त्यांचं... त्यांचं वेगळं आहे."

दुधराम यादोरावांच्या घराकडे पाहत राहिला. मग हातातलं कौल त्यानं हळूच पुन्हा उतरवलेल्या कौलांच्या ढिगावर ठेवलं.