रामटेके साहेबांचं नाक

विश्रांतवाडीच्या सिग्नलला स्कूटर थांबली की आमचे रामटेके साहेब आधी हेल्मेटची काच वर करतात आणि मग नाक. पुढच्या टेम्पोनं काळा भपकारा सोडला की डोळे मिटून तो आत घेतात, अत्तराच्या दुकानातल्या गिऱ्हाइकासारखा. मग स्कूटर पुढे दामटून खिडकीवर टकटक. "नोझल गेलंय. दाखवून घ्या." टेम्पोवाला काय म्हणतो ते इथे छापता येणार नाही. साहेब "आभारी आहे" म्हणतात, तोवर सिग्नल सुटतो.

आमची कंपनी रस्ते खणायची आणि दाबायची यंत्रं बनवते. साहेब तिथे धूर तपासणीचे प्रमुख, मी खरेदी विभागात. एमडींची नवी कोरी गाडी आली तेव्हा हार, नारळ, पेढे सगळं झाल्यावर साहेब म्हणाले, "जरा रेस करा बघू." आणि मागे जाऊन उकिडवे बसले. सगळी कंपनी श्वास रोखून. साहेब उठले, गुडघे झटकले, म्हणाले, "परत द्या."

घरच्यांनाही सूट नाही. सख्ख्या पुतणीच्या साखरपुड्यात वीज गेली, सोसायटीचा जनरेटर धूर ओकत सुरू झाला आणि साहेबांनी स्वतः जाऊन तो बंद केला. अंगठ्या मोबाईलच्या उजेडात घातल्या गेल्या. फोटोत दोन्हीकडची मंडळी हनुवटीखालून उजळलेली, भुताच्या सिनेमातल्यासारखी दिसतात. वहिनी अजून बोलत नाहीत. साहेबांचं म्हणणं एकच : "धूर खोटं बोलत नाही. माणसांचं आपण काही सांगू शकत नाही."

तर धुराचे नवे नियम यायचे होते. ठरल्या तारखेनंतर जुन्या इंजिनाचं यंत्र विकायला बंदी. साहेबांनी नवं इंजिन वेळेआधी तयार करून ठेवलं होतं. फक्त त्याला लागणारा कंट्रोलर परदेशातून यायचा, आणि जगभर चिपांचा दुष्काळ पडला. तळहाताएवढ्या डब्यापायी यार्डात यंत्रांच्या रांगा लागल्या. मी दिवसभर फोनवर पुरवठादारांच्या विनवण्या करत होतो. कंत्राटी कामगारांना "उद्या फोन करून या" असं सांगायला सुरुवात झाली होती, आणि त्याचा अर्थ त्यांना आमच्याआधी कळला होता.

सगळ्या उत्पादकांनी मिळून दिल्लीत मुदतवाढ मागायचं ठरवलं. त्याआधी पुण्यातल्या एका महागड्या हॉटेलात बैठक झाली. ज्यांचे कंट्रोलर अडले होते ते रडत होतेच, पण ज्यांनी नवं इंजिन बनवायलाच घेतलं नव्हतं ते जास्त रडत होते. "सप्लाय चेन" हा शब्द त्या दिवशी इतका उच्चारला गेला की वेटरही पनीर संपल्याचं कारण म्हणून तोच सांगू लागला. दीड वर्ष मागायचं, असं एकमतानं ठरलं. साहेब कोपऱ्यात बसून सूप हुंगत होते.

दिल्लीला तांत्रिक माणूस हवा म्हणून साहेब, आणि साहेबांनी तोंड उघडू नये म्हणून मी, अशी आमची जोडी गेली. एमडींनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "दिघे, त्यांना फक्त बसवून आणायचंय."

सुनावणी घेणाऱ्या मंत्रालयातल्या बाई शांत होत्या. उत्पादकांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी पडद्यावर जहाजं, बंदरं, खाली जाणारे बाण वगैरे दाखवून दीड वर्षाची मागणी केली. बाईंनी सगळं ऐकलं आणि टेबलाच्या टोकाला बसलेल्या, नाक थोडं वर केलेल्या माणसाकडे पाहिलं. "आपल्याला किती लागेल?"

मी साहेबांचा पाय दाबला. तो अध्यक्षांचा निघाला.

"सहा महिने," साहेब म्हणाले. "मुदत द्या, मॅडम. नाही दिलीत तर आमच्याकडचे कंत्राटी लोक घरी बसतील, आणि त्यांनी काही धूर सोडलेला नाही. पण दीड वर्ष देऊ नका. कंट्रोलर आले तरी आम्ही जुनंच इंजिन विकत राहू. मी आम्हाला ओळखतो."

बाईंनी वहीत काहीतरी टिपलं.

"सहा महिन्यांत कंट्रोलर येतील?"

"आमच्या खरेदीचे हे गृहस्थ इथेच आहेत. यांना विचारा."

सगळी खोली माझ्याकडे वळली. मी बशीतल्या बिस्किटाकडे पाहिलं. बिस्किट काही मदत करेना. "माल निघालाय," मी म्हणालो.

सहा महिने मिळाले. परतीच्या विमानात अध्यक्षांनी जागा बदलून घेतली. पुण्यात एमडींनी साहेबांना उभं ठेवूनच विचारलं, "रामटेके, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं आहात?"

"इंजिनाच्या," साहेब म्हणाले.

त्यांची केबिन कॅन्टीनमागे, भांडी घासायच्या जागेशेजारी गेली. आणि ते सहा महिने कंपनीनं जुनी यंत्रं अशी विकली की लक्ष्मी रोडवर साड्यांचा सेल लागावा. "नियम येण्याआधी, शेवटची संधी!" अशी जाहिरातच होती. कंत्राटी लोकांना तिन्ही पाळ्या मिळाल्या. कंट्रोलर मुदतीआधी आले. नवं इंजिन बाजारात गेलं तेव्हा एमडींनी मुलाखत दिली, पर्यावरण हा आमचा श्वास आहे म्हणून. साहेबांनी कात्रण वाचलं आणि नाकाशी धरलं. "शाईचा वास चांगला आहे," म्हणाले.

नंतरच्या उन्हाळ्यात एका रविवारी मी कर्वेनगरहून आळंदी रस्त्यानं एका बारशाला निघालो होतो. विश्रांतवाडीच्या पुढे रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं आणि वाहनं तुंबली होती. खड्ड्याच्या कडेला आमच्याच कंपनीचं पिवळं यंत्र धडधडत उभं होतं, जुन्या इंजिनाचं. त्याच्या सावलीत, लोखंडी हाताला बांधलेल्या साडीच्या झोळीत एक तान्हं मूल झोपलेलं. सायलेन्सरचा धूर खाली वळून थेट झोळीवर येत होता. आणि शेजारी रामटेके साहेब, हातात बांबू, खांद्यावर सावलीसाठी लावतात त्या हिरव्या जाळीची गुंडाळी.

मी गाडी लावून गेलो. मला पाहून त्यांना नवल वगैरे काही वाटलं नाही. "दिघे, ते टोक धरा."

मी धरलं. आम्ही रस्त्यापलीकडे बांबू रोवला आणि त्याला नि फांद्या छाटलेल्या कडुनिंबाच्या बुंध्याला जाळी ताणून बांधली. गाठ मारता मारता त्यांनी मी न विचारताच सांगितलं, "त्या सहा महिन्यांतली यंत्रं कुठे गेली, ते डीलरकडून कळतं. पुण्यातली तेवढी बघून येतो. रविवारी घरी तसंही कोण असतं?"

ऑपरेटर चहाला गेला होता. साहेबांनी वर चढून इंजिन बंद केलं. मुलाची आई खोऱ्यानं खडी ओढत होती, ती धावत आली. तिच्याशी साहेब जे बोलू लागले ते मी इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. कार्यालयात पाठ्यपुस्तकासारखं मराठी बोलणारा हा माणूस एकदम भंडाऱ्याकडचा झाला.

"काऊन वो माय, लेकराले धुरात काऊन टांगलं?"

"दुसरीकडं सावली कुठी हाये जी?" ती म्हणाली. मग दचकून पाहिलं. "तुमी आमच्याकडचेच का जी?"

"तुमसरचा."

तिनं मूल उचललं, झोळी सोडून जाळीखाली बांधली आणि त्याला तिच्यात ठेवलं. साहेबांनी रुमाल ओला करून त्याच्या कपाळावरची काजळी पुसली, इतकी हळू की त्याची झोपही मोडली नाही. त्या चिमुकल्या डोक्याजवळ नाक नेऊन ते क्षणभर तसेच थांबले.

"मशीन बंद केली तं ठेकेदार सायेब बोलंल," बाई म्हणाली.

"बोलला तं माहं नाव सांग. या धुराची परवानगी मीच आणली हाये, माय."

ती पदर तोंडाला लावून हसली. तिला वाटलं, म्हातारा गंमत करतोय.