तीन वाक्यं, हे सोडून

आमच्या ऑफिसातले वानखडे बोलायच्या आधी किती वाक्यं बोलणार ते सांगतात. चहाच्या टपरीवरसुद्धा. "एक वाक्य, हे सोडून," म्हणतात, थांबतात आणि मग म्हणतात, "एक कट, साखर कमी." टपरीवाल्याला सवय झाली आहे. बाकी अमरावतीला अजून व्हायची आहे.

दोष नोकरीचा. एका खोलीतल्या कॉम्प्युटरवरची माहिती नेटवर्कवरून दुसऱ्या खोलीतल्या डिस्कवर नेऊन ठेवायची, हे आमचं काम. मी नवा होतो तेव्हा त्यांनीच मला शिकवलं, की माहिती नळाच्या धारेसारखी येते; एक निरोप कुठे संपला नि दुसरा कुठे सुरू झाला, हे धार सांगत नाही. म्हणून प्रत्येक निरोपाच्या डोक्यावर त्याची लांबी लिहायची. तेवढं मोजून घेतलं की निरोप पुरा. कमी भरलं तर वाट पाहायची, लाइन सोडायची नाही.

'हे सोडून' ही जुनी जखम आहे. पाठवणारा प्रोग्राम वानखड्यांनी लिहिला आणि लांबी मोजताना लांबीच्या आकड्याची चार बाइट जागाही धरली. घेणारा प्रोग्राम दुसऱ्याने लिहिला, त्याने ती धरली नाही. झालं! घेणारा दर निरोपाला पुढच्याचे चार बाइट खाऊ लागला, मजकुरालाच लांबी समजू लागला, आणि ऑफिसचा अख्खा दिवस पाण्यात गेला. तेव्हापासून वानखडे काय धरलं नि काय सोडलं ते आधी सांगतात.

एका सत्काराला मोठे साहेब म्हणाले, "मी फक्त दोन शब्द बोलतो." दोन शब्द झाले आणि वानखडे उठून जेवायला गेले. मी भाषण संपल्यावर पोचलो तेव्हा त्यांची जिलबी चालू होती.

त्यांची आई मोर्शीला एकटी असते, हे इकडे एकटे. तिला कमी ऐकू येतं, फोन मधेच कटतो, म्हणून तिलाही त्यांनी हीच शिस्त लावली. म्हातारी वस्ताद. पाच गोष्टी आहेत म्हणते, चार सांगते, पाचवी घरी आल्यावर. अर्धा निरोप सोडणं वानखड्यांच्या धर्मात बसत नाही, म्हणून दर शनिवारी गाडीला किक आणि मोर्शी. यावर मी ऑफिसात सगळ्यांना पोटभर हसवलं होतं.

एका शनिवारी ते मलाही घेऊन गेले. ते मागे पाण्याची टाकी भरायला गेले तेव्हा मी त्यांच्या आईच्या कानाशी जाऊन विचारलं, मावशी, पाचवी गोष्ट काय असते?

संत्रं सोलता सोलता त्या म्हणाल्या, "पाचवी कायची बापू? नसतेच. पण पुरं सांगतलं तं तो येईन कायले? त्याले नको सांगजो."

परतीच्या वाटेवर वानखड्यांनी गाडी बाजूला घेतली.

"तीन वाक्यं, हे सोडून," ते म्हणाले. "पाचवी नसते, हे मले पयल्यापासून मालूम हाय. मायले सांगू नका."

आपण या माणसाची टिंगल केली याची मला फार लाज वाटली. मी तिसऱ्याची वाट पाहत राहिलो. अमरावती आली, माझी गल्ली आली, मी उतरलो, तरी दोनच.

"वानखडे, तिसरं राहिलं."

त्यांनी हेल्मेटची काच खाली केली.

"ते पुढच्या शनिवारी, मोर्शीले जाता जाता."

पुढच्या शनिवारी सकाळी सातला मी गल्लीच्या तोंडाशी उभा होतो.